राणीचा पोशाख आणि निळा कोट

उस्मानपुऱ्यात औषधांच्या एका दुकानावरच्या मजल्यावर माझं दुकान आहे. ऐतिहासिक आणि फॅन्सी ड्रेसचे कपडे मी शिवते आणि भाड्यानं देते. जिना अरुंद आहे, त्यामुळं वर येणारं गिऱ्हाईक आधी धापा टाकतं आणि मग भाव पाडायला लागतं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, वेगवेगळ्या जयंत्या आणि शाळांची स्नेहसंमेलनं, हे माझे सुगीचे दिवस. गेल्या काही वर्षांत त्यात हॅलोवीनची भर पडलीय.

हॅलोवीन आपल्याकडं कसा आला ते मला नीटसं माहीत नाही. इंग्रजी शाळांतून आला, तिथून सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये शिरला, मग हॉटेलवाल्यांनी उचलला. ज्या बायका अमावास्येला पोराला तिन्हीसांजेच्या आत घरात ओढायच्या, त्याच आता मला विचारतात, "ताई, अजून थोडं भयानक नाही का करता येणार?" मोठी माणसंही येतात. त्यांना 'रेट्रो' लागतं, नाहीतर 'व्हिंटेज' लागतं, आणि म्हणजे नेमकं काय असं विचारलं की मोबाईल पुढं करतात. एका साहेबांना नवाब व्हायचं होतं. मी त्यांच्यासाठी हिमरूची शेरवानी शिवली. इथल्याच मागावरचं कापड, अंगावर चढवलं की माणूस आपोआप ताठ उभा राहतो. कोरी दिसू नये म्हणून अस्तर चहाच्या पाण्यात बुडवून काढलं, बटणांची चकाकी घासून घालवली. साहेब आरशात बघून म्हणाले, "जरा मळकी वाटते." मी म्हटलं, "साहेब, नवाबाची आहे, सेलमधली नाही." शेवटी त्यांनी चकचकीत सॅटिनचीच नेली. माझं तोंड असं आहे आणि त्यापायी गिऱ्हाईक तुटतं, हे नवरा मला लग्न झाल्यापासून सांगत आलाय.

पण या हॅलोवीनची एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडली होती. भूत कुणाच्याही पोराला होता येतं. काळी जाळी, पांढरी पावडर, डोळ्यांखाली काजळ, झालं भूत. हे भूत कुणाचं, याचे आईबाप कोण, यांना भूत होणं शोभतं का, असलं काही कुणी विचारत नाही. इतिहासाचं तसं नाही. इतिहासातल्या माणसाचा पोशाख मागायला कुणी जिना चढून आलं की कुणाच्या घरात कुठला पोशाख जाणार, हे मला पुष्कळदा पायांच्या आवाजावरूनच कळतं. हे मी गमतीनं म्हणत नाही.

मला एकच मुलगी आहे. ती बालवाडीत होती तेव्हा शाळेतून निरोप आला, स्नेहसंमेलनात थोर व्यक्तींची मिरवणूक आहे, मुलांना दिलेल्या वेशात पाठवा. तिला दिलेला वेश वाचून माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. निळा कोट, पांढरा शर्ट, लाल टाय, गोल चष्मा, हातात जाड पुस्तक. कुणाचा कोट ते मी सांगायला नको. त्यांच्यामुळं गंगापूरकडच्या आमच्या गावात माझ्या बापाला वर्गात इतरांच्या मांडीला मांडी लावून बसता आलं, एसटीत कंडक्टर होता आलं आणि पुढं मला शिवणकाम शिकायला शहरात पाठवता आलं. माझ्या माहेरी देव्हारा नाही. भिंतीवर दोन तसबिरी आहेत, एक तथागतांची आणि एक त्यांची.

या कोटाच्या नावाखाली बाजारात जे मिळतं ते बघून मला नेहमी संताप येतो. झगझगीत निळं पातळ कापड, खांदे लोंबलेले, कॉलर कुत्र्याच्या कानासारखी पडलेली. ज्या माणसानं आयुष्यभर कपडे नीटनेटके घातले, कारण त्या कपड्यांत आपली सगळी माणसं उभी आहेत हे त्याला माहीत होतं, त्याच्या नावावर हे असलं गबाळ विकतात. मी गुलमंडीच्या बाजारातून चांगलं लोकरीचं कापड आणलं. आकार धरायला आत कॅनव्हास घातला, कॉलर हातानं शिवली. लहान मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे असतात म्हणून बाह्यांत आणि घेरात भरपूर माया ठेवली, म्हणजे दर वर्षी उसवून थोडं थोडं सोडता येईल. माझी आई गंगापूरहून मुद्दाम आली होती. नातीला त्या कोटात बघून ती रडली, आणि कोट चुरगळेल म्हणून दिवसभर तिनं कुणालाही पोरीला उचलून घेऊ दिलं नाही. त्या दिवशी माझ्याइतकं सुखी माणूस या शहरात नसेल.

पुढच्या वर्षी पुन्हा निळा कोट आला. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. बाकीची पोरं बदलत गेली. यंदाचा मावळा पुढच्या साली शास्त्रज्ञ झाला, यंदाची संत पुढच्या साली भारतमाता झाली, एक गुबगुबीत पोरगा तर आलटून पालटून तीन देशभक्त होऊन गेला. माझी मुलगी निळा कोट. मी दर वर्षी बाह्या उसवायची, थोडी माया सोडायची, पुन्हा शिवायची. जुन्या दुमडीची रेघ इस्त्रीनं जात नाही. कोटाच्या बाह्यांवर अशा रेघा एकाखाली एक जमत गेल्या.

मला हे कळायला वेळ लागला, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच वर्षी कळलं. माझ्या दुकानातून निळा कोट नेणारी सगळी आमचीच माणसं असतात. दुसऱ्या कुणाचं पोर त्या कोटात गेलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. दुसऱ्यांच्या पोरांना तो कुणी देत नाही आणि ते मागत नाहीत. आणि यावर तक्रार करायची तरी कशी? माझ्या मुलीला हा कोट नको, हे वाक्य माझ्या तोंडून निघूच शकत नाही. तसं म्हणणारी जीभ माझी नाही. मान देऊन आम्हाला एका खोलीत बसवलं होतं आणि दाराला कडी आतून आम्हीच लावत होतो.

मुलगी पाचवीत गेली आणि तिनं राणी व्हायचं काढलं. कुठली राणी ते मी लिहीत नाही. एकदा ते नाव जाहीर सांगून झालंय, तेवढं पुरे. लढाईवर गेलेली, घोड्यावर बसलेली राणी, एवढं सांगते.

शाळा सुटली की ती दुकानात यायची. माझं कापड बेतायचं टेबल हा तिचा घोडा. त्यावर चढायची, एक पाय इकडं, एक पाय तिकडं, कमरेला शेला, हातात मोजपट्टी. मग घोडा थांबवून खाली उडी मारायची आणि उतरल्यावर आधी डावीउजवीकडं बघायची, दगाफटका नाही ना याची खात्री करायची, आणि मगच पुढं चालायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. राण्यांचे पोशाख मी खूप शिवलेत, पण राणी अशी उतरत असेल हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. मी कातरी चालवता चालवता बघत राहायची.

एक दिवस ती म्हणाली, "मम्मी, यावर्षी मी राणी होते."

"मॅडमना विचार."

"विचारलं. त्या बोलल्या, तुझं तर ठरलेलं आहे ना."

"मग?"

"मग मी बोलले, कुणी ठरवलं?"

"मग काय म्हणाल्या?"

"खाली बस, बोलल्या."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मॅडम वाईट बाई नाहीत, अडचण तीच आहे. वाईट असत्या तर मी माझ्या पद्धतीनं भांडून मोकळी झाले असते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, माझ्या शिवणाचं कौतुक केलं. मी विषय काढल्यावर मात्र त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं.

"अहो ताई, तुम्हाला उलट अभिमान वाटायला पाहिजे. हा मान आम्ही मुद्दाम तुमच्या मुलीसाठी राखून ठेवतो."

"अभिमान आहेच, मॅडम. म्हणूनच म्हणते, यंदा दुसऱ्या कुणालातरी मिळू द्या. वर्गात एवढी मुलं आहेत."

मॅडम हसल्या आणि समोरचं पेन उगाच सरळ करून ठेवलं. "तसं नाही. बाकीचे पालक तयार होत नाहीत ना. आणि जबरदस्ती करून दिलं, उद्या त्या मुलाकडून काही चुकलं, तर तुमचेच लोक शाळेवर येतील."

यातलं शेवटचं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मी तो मुद्दा सोडला. मग विचारलं, "आणि राणी?"

"राणीचं कसं असतं, शोभलं पाहिजे ना." हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण घाईघाईनं पुढं म्हणाल्या, "म्हणजे उंची वगैरे." माझी मुलगी वर्गात सगळ्यांत उंच आहे. "राणी जिला दिलीय ना, तिच्या घरच्यांना मी सांगितलंय बरं का, पोशाख तुमच्याकडूनच शिवून घ्यायचा. तुमच्यासारखं काम शहरात कुणाचं नाही."

मी पाणी न पिता उठले. त्या मुलीचे आईवडील दुकानात आले तेव्हा हॅलोवीनची गर्दी आहे म्हणून त्यांना परत पाठवलं. नवरा वाळूजला कंपनीत आहे. संध्याकाळी तो आल्यावर मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे." त्याचं सगळं या दोन शब्दांत भागतं.

गंगापूरला ही बातमी कशी पोचली कोण जाणे, पण आईचा फोन आला.

"काय गं, पोरीला बाबांचा कोट नगं म्हणाया शाळंत गेल्तीस व्हय?"

"नको म्हणाले नाही आई. तिला यंदा राणी व्हायचंय एवढंच."

"राणी? अन् त्यो कोट काय राणीपक्षा कमी हाय? आमाला अंगावर धड चिंधी नव्हती, आन् तुझ्या पोरीला तसला कोट भेटला तर तिला नाय आवडत! लई शानी झालीस तू शहरात ऱ्हाऊन."

आईला काय सांगणार? तिचं खरं होतं. मुलीचंही खरं होतं. दोघींच्या मधे मी होते, आणि ज्यांनी हे करून ठेवलं होतं ते शाळेत पंख्याखाली बसून यादीवर खुणा करत होते.

अशात सोसायटीच्या ग्रुपवर हॅलोवीन पार्टीचा निरोप आला. आम्ही बीड बायपासच्या बाजूला एका सोसायटीत भाड्यानं राहतो. मुलांनी कोणताही वेश करून यावं, असं निरोपात लिहिलं होतं. 'कोणताही' हा शब्द मी पुन्हा वाचला. इथं मॅडम नव्हत्या, कुणाचं काही ठरलेलं नव्हतं. मला वाटलं, शाळेत नाही तर इथं. मी मुलीला विचारलं, "इथं होतेस का राणी?" ती सरळ टेबलावर चढली आणि घोडा पळवायला लागली.

मी एवढ्या वर्षांत कुणासाठी शिवला नसेल असा पोशाख तिच्यासाठी केला. नऊवारी खरी नेसवायची ठरवली, बाजारात मिळते तशी इलास्टिकची, पायजम्यासारखी चढवायची नाही. चोळीला मशरूचं कापड घेतलं, वरून रेशीम आणि आतून सूत, अंगाला टोचत नाही. शेल्यासाठी हिमरूचा एक तुकडा कितीतरी दिवस जपून ठेवला होता, तो काढला. त्यातली जर फार चमकत होती, तिच्यावर हात फिरवून फिरवून ती शांत केली. डोक्यावरच्या मंदिलाला आतून पुठ्ठ्याऐवजी कापडाच्याच घड्या घातल्या, म्हणजे उडी मारली तरी तो हलणार नाही. नेसवून झाल्यावर मुलीनं आरशात पाहिलं आणि ती हसली नाही. राण्या आरशात बघून हसत नसाव्यात.

क्लबहाऊसमध्ये नारिंगी आणि काळे फुगे लावले होते. लाल भोपळे कोरून आत दिवे ठेवले होते, छताला कागदी सांगाडे टांगले होते. भुतं, चेटकिणी, रक्तबंबाळ डॉक्टर, सगळीकडं धुमाकूळ चालला होता. माझी मुलगी आत आली आणि दारात थांबून डावीउजवीकडं बघून मग पुढं निघाली. बायका "अगंबाई, किती गोड" म्हणत भोवती जमल्या. दोघीतिघींनी तिच्याबरोबर फोटो काढले. एकीनं तर लगेच स्टेटसला टाकला. माझा ऊर भरून आला होता, हे मी लपवत नाही.

मग कार्यक्रम सांगणाऱ्या मुलीनं तिच्यापुढं माईक धरला आणि विचारलं, "तू कोण आहेस?" माझ्या मुलीनं राणीचं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, पदव्यांसकट, खणखणीत आवाजात.

मागं खुर्च्यांवर बसलेले एक गृहस्थ उठले. म्हणाले, "एक मिनिट. बंद करा ते म्युझिक." म्युझिक बंद झालं. "महाराणी? भुताखेतांच्या कार्यक्रमात? इकडं हडळ, तिकडं सांगाडा, आणि मधे आमच्या महाराणी? हे चाललंय काय?"

कुणीतरी म्हणालं, "लहान आहे हो पोरगी."

"पोरगी लहान आहे. शिवणारी मोठी आहे ना?"

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, कोणताही वेश चालेल असं तुम्हीच लिहिलं होतं, आणि मी तिला भूत केलेलं नाही, राणी केलंय, शिलाई बघा, कापड बघा. शिलाई कोण बघतंय! आणखी दोघं उठले. एकजण म्हणाला, "यांना आपल्या इतिहासाचं काय असणार?" आणि पहिले गृहस्थ माझ्यासमोर येऊन हळू आवाजात, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, आमच्याच राणी सापडल्या का तुम्हाला? तुमच्यातल्या कुणाला आणलं असतं का असं भुतांत?"

 खरं सांगायचं तर मी आणलं नसतं. निळा कोट घालून मी मुलीला त्या सांगाड्यांखाली कधीच उभं केलं नसतं. हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं, आणि तिथं मी हरले. राणीही माझी आहे, माझ्या मुलीची आहे, म्हणून तर मी तिला एवढ्या मायेनं शिवलं, हे मला घरी आल्यावर सुचलं. पण 'आमच्या' आणि 'तुमच्यातल्या' हे शब्द त्यांच्या तोंडी इतके सहज आले होते की तिथं सुचून तरी काय उपयोग झाला असता?

सोसायटीचे अध्यक्ष भला माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं. "विषय मिटवून टाका ना ताई. दोन शब्द बोला. व्हिडिओ बाहेर गेला तर उद्या दुकानावर कुणी येईल, कशाला?" नवरा माझ्या मागं उभा होता. त्यालाही तेच म्हणायचं होतं. मी माईक घेतला, हात जोडले आणि कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर माफी मागते, असं म्हणाले. या वाक्याची सगळ्यांना सवय असते. मला वाटलं संपलं.

"मुलीनंही म्हणावं," मागून एक आवाज आला. "म्हणजे लक्षात राहील."

माईक तिच्याकडं गेला. तिनं विचारलं, "कुणाला सॉरी म्हणायचं?"

 शेवटी अध्यक्षच म्हणाले, "राणीसाहेबांना म्हण, बेटा."

तिनं इकडंतिकडं पाहिलं. तिथं राणीची तसबीर नव्हती, पुतळा नव्हता. मंदिल डोक्यावर, शेला कमरेला, अशी ती समोरच्या फुग्यांच्या भिंतीकडं तोंड करून सॉरी म्हणाली. मग म्युझिक पुन्हा सुरू झालं आणि भुतं नाचायला लागली.

घरी आल्यावर तिनं नऊवारी स्वतःच सोडली. एरवी काष्टा सोडायला मला हाका मारायची. सकाळी पाहिलं तर ज्या बाईनं मुलीबरोबरचा फोटो स्टेटसला टाकला होता तिनं तो काढला होता. दुपारी दुकानात एक फोन आला, कुणाकुणाचे पोशाख ठेवता ते एकदा बघायला येतो, असं म्हणून ठेवला. कुणी आलं नाही. तरी मी दर्शनी लावलेले राणीचे पोशाख काढून आतल्या कपाटात टाकले. ते काढताना मला जेवढा राग आला तेवढा माफी मागतानाही आला नव्हता.

मुलगी त्यानंतरही दुकानात यायची, खाली बसून गृहपाठ करायची. टेबलावर चढायची नाही. मी एकदा मुद्दाम टेबल मोकळं करून ठेवलं. तिनं त्यावर दप्तर ठेवलं.

दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली. मी विचारलं, "कोट काढू का?"

"काढ."

"नको असेल तर नको. मी मॅडमशी बोलते पुन्हा."

"काढ ना मम्मी. भाषण पाठ आहे माझं."

बाह्या उसवल्या. आत अगदी थोडी माया शिल्लक होती, तीही सोडली. पुढच्या वर्षी हा कोट तिला होणार नाही हे मला दिसत होतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

संमेलनाच्या दिवशी आई पांढरी साडी नेसून सकाळच्या एसटीनं आली. आम्ही दोघी पुढच्या रांगेत बसलो. राणी झालेली मुलगी आली, इलास्टिकची नऊवारी आणि प्लास्टिकची तलवार. मधेच वाक्य विसरली, लोकांनी टाळ्या वाजवून सांभाळून घेतलं. गोड पोर आहे, तिच्यावर माझा राग नाही. मग माझी मुलगी आली. पुस्तक छातीशी धरून तिनं सगळं भाषण न अडखळता म्हटलं. आवाज चांगला होता. त्यात ती नव्हती, पण हे माझ्याशिवाय कुणाला कळणार? आईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

कार्यक्रम संपल्यावर मुलं मंचामागच्या व्हरांड्यात जमली होती. आम्ही तिला घ्यायला गेलो. तिला समोर बघितलं आणि आईनं पिशवी माझ्या हातात दिली, पदर डोक्यावर घेतला आणि खाली वाकून सगळ्यांसमोर नातीच्या पायांवर डोकं ठेवलं.

मुलगी दचकून मागं सरकली. "आजी, काय करतेस? उठ ना. मी आहे!" तिनं चष्मा काढला, आजीला चेहरा दिसावा म्हणून.

आई गुडघ्यांवर हात देत उठली. "तुला नाय करत बाई," ती म्हणाली. "कोटाला करते."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांना भरून आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. हातात मोबाईल होता. म्हणाल्या, "आजी, किती सुंदर! एकदा परत करा ना प्लीज. फोटो हलला. आणि बेटा, चष्मा घाल. रिहर्सलला उभी राहतेस ना, तशी उभी राहा. मागं सरकू नको हं."

मी म्हटलं, "मॅडम, पुरे." पण आई आधीच वाकायला लागली होती. तिच्यासाठी ते एकदा केलं काय आणि शंभरदा केलं काय, सारखंच होतं. मला मॅडमचा राग आला, त्या मोबाईलचा राग आला, आणि माझ्या स्वतःच्या आईचाही आला. आईचा राग यावा अशी वेळ त्यांनी माझ्यावर आणली, याचा सगळ्यांत जास्त आला.

मुलीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं चष्मा घातला. पुस्तक छातीशी धरलं, उजवा हात उचलून एक बोट पुढं केलं, हनुवटी वर घेतली. आजीचं कपाळ तिच्या बुटांना लागलं तेव्हा तिनं पाय मागं घेतले नाहीत. मॅडमचा फोटो निघेपर्यंत ती पापणी न हलवता उभी राहिली.